एक मजकूर, अनेक क्रमांक



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांची हयात ग्रंथालयात गेली. मागितलेले पुस्तक नेमके काढून देणे आणि न मागितलेले पण हवे असलेले सुचवणे, हे त्यांचे काम. आज ते काम आपण बहुतेक सगळे सर्च इंजिनवर सोपवून मोकळे झालो आहोत. म्हणून त्या यंत्राविषयी बोलावे, असे मी ठरवले.

आपल्या सातारा-सांगली भागात आता सगळ्यांच्या वेबसाइट आहेत. पतसंस्थेची आहे, शाळेची आहे, बेदाणा विकणाऱ्या तासगावच्या बागायतदाराची आहे, पाचगणीच्या हॉटेलवाल्याची आहे. आणि सगळ्यांचा प्रश्न एकच असतो. गुगलवर आम्ही पहिल्या पानावर, मग बिंगवर तिसऱ्या पानावर का? मजकूर तोच, पत्ता तोच, मग निकाल वेगळा कसा? यात कुणीतरी पैसे खाल्ले असणार, अशी शंकाही लगेच येते.

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हा निकाल चमत्कारिक वाटू नये. अडत दुकानात एकच लॉट उघडा असतो. एक खरेदीदार हळकुंडाचा रंग बघतो, दुसरा ते मोडून आतला गाभा बघतो. तिसऱ्याला माल पावडरीसाठी हवा असतो, त्याला हळकुंडाची लांबी किती याच्याशी देणेघेणे नसते. हळद एक, भाव तीन. तिघांपैकी खोटा कुणीच नाही. सर्च इंजिनचे असेच आहे. फरक इतकाच की यार्डात खरेदीदार कशाकडे बघतो ते आपल्याला दिसते, इथे दिसत नाही. ते दिसावे, यासाठी आजचा हा खटाटोप.

आपण गुगलवर शब्द टाकतो तेव्हा गुगल त्या क्षणी इंटरनेट धुंडाळत नाही. आधी गोळा करून ठेवलेल्या स्वतःच्या संग्रहात ते बघते. हा संग्रह करण्यासाठी प्रत्येक इंजिनचा स्वतःचा फिरता प्रोग्राम असतो, गुगलचा गुगलबॉट, मायक्रोसॉफ्टच्या बिंगचा बिंगबॉट. सगळे इंटरनेट कुणाच्याच संग्रहात नाही. मोठ्या साइटवर हे बॉट वारंवार येतात, लहान साइटवर सवडीने. तुमचे नवे पान गुगलच्या संग्रहात काल गेले असेल आणि बिंगच्या संग्रहात अजून गेलेच नसेल, तर क्रमांकाचा प्रश्नच उद्भवत नाही. पान सांगण्याच्या रीतीही वेगळ्या. २०२१ मध्ये बिंग आणि रशियाचे यांडेक्स यांनी ‘इंडेक्सनाऊ’ नावाची सोय आणली. पान बदलले की साइटनेच इंजिनला वर्दी द्यायची. गुगलने ही सोय स्वीकारली नाही.

दार बंद असण्याचे कारण पुष्कळदा आपल्याच घरात असते. प्रत्येक साइटच्या मुळाशी ‘रोबोट्स’ नावाची एक छोटी मजकूर-फाइल ठेवण्याचा संकेत १९९४ पासून आहे. बॉटने कुठे यावे आणि कुठे येऊ नये, हे तिच्यात लिहायचे. साइट तयार होत असताना काम करणारा मुलगा तिच्यात एक ओळ टाकतो, ‘कुणीच येऊ नये’. उद्घाटन होते, नारळ फुटतो, ती ओळ तशीच राहते. किंवा सर्व्हरच्या सुरक्षेसाठी परदेशी पत्त्यांवरून येणाऱ्यांना अडवलेले असते. गुगलबॉट मुख्यतः अमेरिकेतल्या पत्त्यांवरून येतो. त्याला ओळखून सूट दिली आणि बाकीच्यांना अडवले, की एका इंजिनमध्ये साइट आहे आणि दुसऱ्यात नाही, असा प्रकार होतो. तक्रार करण्याआधी हे तपासावे.

आता मला ज्यासाठी आजचे व्याख्यान घ्यावेसे वाटले त्या भागाकडे येतो. संग्रहात गेलेले पान यंत्राला वाचता आले पाहिजे, आणि मराठी वाचणे यंत्राला इंग्रजीइतके सोपे नाही.

आपण ‘सातारा’ असे शोधतो. पण मराठी मजकुरात सातारा नुसता सातारा म्हणून फार थोड्या वेळा येतो. साताऱ्याला, साताऱ्यात, साताऱ्याहून, साताऱ्यातल्या, साताऱ्याकडचे, अशी त्याची रूपे येतात. विभक्ती लागली की मूळ शब्दच हलतो. ऊस असतो, उसाला भाव मिळतो. विहीर असते, विहिरीत पाणी असते. ही सगळी रूपे एकाच शब्दाची आहेत हे यंत्राला कळले नाही, तर ‘साताऱ्यातल्या वाड्यांचा इतिहास’ हा उत्तम लेख ‘सातारा’ शोधणाऱ्याला सापडणारच नाही.

हे नुकसान किती मोठे असते, याचे मोजमाप झालेले आहे. २००८ मध्ये भारतीय भाषांतील शोधाची परीक्षा घेणारा ‘फायर’ हा उपक्रम सुरू झाला. त्याच्या मराठी परीक्षेसाठी ‘महाराष्ट्र टाइम्स’ आणि ‘सकाळ’ यांच्या बातम्यांचा संग्रह वापरला गेला. त्या संग्रहावर स्वित्झर्लंडमधील न्यूशातेल विद्यापीठाच्या ल्यिल्याना दोलामिच आणि जॅक सावोय यांनी प्रयोग केले आणि २०१० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. शब्दांचे प्रत्यय काटेकोरपणे छाटून मूळ रूपावर शोध घेतला, तर काहीच न छाटता घेतलेल्या शोधापेक्षा निकालांचा दर्जा बंगालीत सुमारे १८ टक्क्यांनी, हिंदीत सुमारे २८ टक्क्यांनी आणि मराठीत सुमारे ४२ टक्क्यांनी सुधारला. तिन्ही भाषांत सर्वाधिक फरक मराठीला पडला. म्हणजे ज्या इंजिनने मराठीच्या प्रत्ययांवर मेहनत घेतली आणि ज्याने घेतली नाही, त्यांच्या निकालांत मोठी तफावत पडणारच. इंग्रजी साइटच्या बाबतीत ही तफावत इतकी जाणवत नाही.

त्याच अभ्यासात आणखी एक सोपी युक्ती तपासली होती. प्रत्यय-बित्यय काही बघायचे नाही, प्रत्येक शब्दाची पहिली चार अक्षरे ठेवायची, बाकीचा शब्द टाकून द्यायचा. ही युक्तीही जवळजवळ तितकीच चालली. ती आपल्या दोन गावांना लावून बघा. संगणक काना, मात्रा, अनुस्वार ही सगळी स्वतंत्र अक्षरे म्हणून मोजतो. ‘सातारा’ची पहिली चार अक्षरे घेतली की उरते ‘साता’. ‘साताऱ्याहून’ची घेतली तरी ‘साता’. उत्तम, साताऱ्याची सगळी रूपे एका जागी आली. आता ‘सांगली’ घ्या. स, काना, अनुस्वार, ग. उरले ‘सांग’. सांगणे, सांगतो, सांगितले, सांगा, यांचेही ‘सांग’च उरते. शेवटचा ‘ली’ भूतकाळाचा प्रत्यय समजून छाटला तरी तीच गत. एकाच नियमाने सातारा जमला आणि सांगली हरवली. प्रत्यक्षातली इंजिने याहून पुष्कळ शहाणी आहेत, गावांची नावे ती वेगळी ओळखतात. पण नियम काढताना कुठेतरी मिळते आणि कुठेतरी जाते, आणि कोणाचे मिळावे, कोणाचे जावे याचा निर्णय प्रत्येक इंजिन आपापला घेते, हे या दोन नावांत जितके स्वच्छ दिसते तितके मला दुसरीकडे दिसलेले नाही.

‘साताऱ्यात’ या शब्दाकडे आणखी जवळून बघा. त्यातला अर्धा र टाइप करण्याच्या दोन रीती आहेत. एका रीतीत युनिकोडमधला खालच्या टिंबाचा वेगळा ‘ऱ’ वापरतात आणि त्याला पाय मोडून य जोडतात. दुसरीत साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारे जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही शब्द अगदी सारखे. संगणकाच्या पोटात ते दोन वेगळे शब्द आहेत, आणि युनिकोडच्या ठरीव नियमांनी ते आपोआप एक होत नाहीत. घाईत रफार देऊन ‘सातार्यात’ लिहिणारे वेगळेच. ज्या इंजिनने ही तिन्ही रूपे जुळवून घेतली, तिथे तुमचा लेख वर येईल. जिथे जुळवली नाहीत, तिथे तुम्ही एका रीतीने लिहिले आणि वाचकाने दुसऱ्या रीतीने शोधले, तर भेटच नाही. आणि जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर, किंवा पुस्तकाच्या पानांचे नुसते फोटो, हे तर यंत्राच्या दृष्टीने मराठीच नाही.

‘वाई’ शोधून बघा. देवनागरी ही हिंदी, नेपाळी, कोंकणी यांचीही लिपी आहे, आणि एका शब्दावरून भाषा ओळखणे अवघड. हिंदीत ‘वाई-फाई’ लिहितात. जोडरेषेवर शब्द तोडणाऱ्या यंत्राला कृष्णाकाठच्या गणपतीचे गाव आणि बिनतारी इंटरनेट यांत फरक करण्यासाठी आणखी काही पुरावा लागतो.

तो पुरावा मुख्यतः दुव्यांतून मिळतो, आणि इथे वाईचीच गोष्ट सांगितली पाहिजे.

१९६० मध्ये यशवंतराव चव्हाणांनी साहित्य संस्कृती मंडळ स्थापन केले आणि अध्यक्षपदी तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांना बसवले. मराठी विश्वकोशाचे काम वाईला चालू झाले. पहिला खंड १९७६ मध्ये आला, विसाव्या खंडाचा उत्तरार्ध २०१५ मध्ये. अठरा हजारांवर नोंदी. शास्त्रीबुवांनी ज्ञानाचा एवढा मोठा व्याप मुंबई-पुण्यात न नेता या तालुक्याच्या गावी चालवला, याचा सातारा जिल्ह्याला अभिमान वाटतो आणि तो वाटलाच पाहिजे.

विश्वकोशाची कोणतीही नोंद उघडा. वाक्याच्या मध्येच एखाद्या नावाआधी छोटा बाण दिसतो. नोंदीच्या अखेरीस ‘पहा’ असे लिहून आणखी दोन-तीन नोंदींची नावे दिलेली असतात. याचा अर्थ, या विषयावर स्वतंत्र नोंद आहे, तिकडे जा. वाईच्या संपादकांनी हे बाण हाताने ठरवले. कोणत्या विषयाचा कोणत्या विषयाशी संबंध आहे, वाचकाला पुढे कुठे पाठवावे, याचा विचार विद्वान माणसांनी नोंदीमागून नोंद करून लावून दिलेला आहे. इंटरनेटच्या भाषेत बोलायचे तर ते दुव्यांचे जाळे आहे, आणि ते वेबच्या जन्माआधीचे आहे.

१९९८ मध्ये लॅरी पेज आणि सर्गी ब्रिन या स्टॅनफर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी गुगल काढले ते याच कल्पनेच्या बळावर. एखाद्या पानाकडे किती आणि कोणती पाने बोट दाखवतात, यावरून त्याचे महत्त्व ठरवायचे. मान्यवर पानाने दाखवलेल्या बोटाचे वजन जास्त. पेजच्या नावावरून या पद्धतीला पेजरँक म्हणतात. त्याआधी १९९४ मध्ये सुरू झालेली याहूची सूची माणसे हाताने लावत होती. आज दुवे सगळीच मोठी इंजिने मोजतात, पण कुणाच्या बोटाला किती वजन, जुना दुवा मोलाचा की नवा, याचा हिशेब प्रत्येकाचा वेगळा. शिवाय ज्याच्या संग्रहात बोट दाखवणारे पानच नाही, त्याला ते बोट दिसणार कसे? म्हणून संग्रहातला फरक क्रमांकातही उतरतो.

विश्वकोश इंटरनेटवर आला, ही फार मोठी गोष्ट झाली आणि ती करणाऱ्यांचे ऋण आहे. पण छापील खंडांतल्या नोंदी एका पत्त्यावर आणि ज्ञानमंडळांनी लिहिलेल्या नव्या नोंदी दुसऱ्या पत्त्यावर, अशी आज स्थिती आहे. एकाच विषयाच्या जुन्या आणि नव्या नोंदींकडे येणारे दुवे त्यामुळे वाटले जातात. कागदावरचा बाण पडद्यावर नुसते चिन्ह म्हणून उतरला आणि बोटाने दाबता आला नाही, तर वाचकाला तो कळतो, यंत्राला कळत नाही. संपादकांनी वर्षानुवर्षे विणलेले जाळे यंत्रापुरते तुटते. याउलट मराठी विकिपीडियात २००३ पासून पत्ता एकच, प्रत्येक लेखातून दुसऱ्या लेखाकडे खरे दुवे, आणि इतर भाषांतल्या विकिपीडियांशी जोडणी. एखाद्या विषयावर विश्वकोशातली नोंद अधिक जबाबदारीने लिहिलेली असूनही ती खाली दिसली, तर त्याचे कारण मजकुराच्या दर्जात शोधू नये. यंत्राला दर्जा थेट दिसत नाही, त्याला दर्जाच्या खुणा दिसतात. त्या खुणा आपण पुसट ठेवल्या आहेत, हे मला मनापासून लागते.

पुढचा भाग सवयीचा. लोक कोणत्या निकालावर बोट ठेवतात आणि लगेच परत येतात की वाचत बसतात, यातून इंजिन शिकते. अमेरिकेत गुगलविरुद्ध चाललेल्या मक्तेदारीच्या खटल्याचा निकाल न्यायमूर्ती अमित मेहता यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये दिला. सगळ्या स्पर्धकांकडे मिळून रोज जितके शोध होतात त्याच्या नऊपट गुगलकडे होतात, आणि मोबाइलवर एकोणीसपट, असे त्यात नोंदवले आहे. ही आकडेवारी तिकडची, पण तिचा परिणाम इकडे समजून घ्या. कराडचा शेतकरी उसावरच्या किडीची माहिती मोबाइलवर मराठीत शोधतो तेव्हा तो जवळजवळ नेहमी गुगललाच शिकवत असतो. बिंगला त्या प्रश्नाचा सरावच मिळत नाही. लहान भाषेतल्या दुर्मीळ प्रश्नावर दोन इंजिनांचे निकाल लांब लांब पडतात, त्याचे एक मोठे कारण हे. डकडकगो आणि याहू यांचे निकाल बिंगच्या जवळ जातात, कारण त्यांचा साठा बहुतांशी बिंगकडूनच येतो. चार इंजिनांवर तपासले म्हणजे चार साक्षी मिळाल्या असे समजू नये.

मग जागा. ‘सातारा खंडोबा मंदिर’ असा शोध घेतलात, तर तुम्हाला कोणता खंडोबा हवा आहे? कराड तालुक्यातल्या पालीचा खंडोबा सातारा जिल्ह्यातला. पण छत्रपती संभाजीनगरला लागून सातारा नावाचेच गाव आहे आणि तिथेही खंडोबाचे प्रसिद्ध देऊळ आहे. शोधणारा कुठे बसला आहे यावर उत्तर बदलते. गुगल तुमचे ठिकाण आणि तुमचा आधीचा शोध यांचा आधार घेते. डकडकगो वाचकाचा माग ठेवत नाही, असे त्याचे धोरणच आहे. म्हणून मुंबईत बसलेल्या मुलाने वडिलांना फोनवर ‘तुमची साइट पहिली दिसते आहे’ असे सांगितले, तरी तो त्याच्या फोनवरचा निकाल. काळही असाच गोंधळ करतो. सांगली जिल्हा १९४९ मध्ये झाला तो दक्षिण सातारा या नावाने, आणि सांगली हे नाव १९६० मध्ये मिळाले. यशवंतरावांचे देवराष्ट्रे जुन्या मजकुरात सातारा जिल्ह्यात असते, नव्यात सांगलीत. मधल्या अकरा वर्षांतला दस्तऐवज ‘सांगली जिल्हा’ शोधून सहजी हाती लागत नाही.

पैशांविषयी थोडक्यात. जाहिरातीचे निकाल वेगळे असतात आणि तसे लिहिलेले असते, खालचा क्रमांक विकत मिळत नाही. पण पानावर स्वतःच्या सेवा वर मांडण्याचा मोह इंजिनांना होतो. भारतीय स्पर्धा आयोगाने २०१८ मध्ये गुगलला १३५.८६ कोटी रुपयांचा दंड केला तो याच प्रकाराबद्दल. ‘महिनाभरात पहिल्या क्रमांकावर आणून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाला मात्र एक रुपयाही देऊ नका. असा शब्द देणे कुणाच्याच हातात नाही.

आता आपल्या हातात काय आहे ते सांगतो.

२०१९ च्या महापुरात सांगलीच्या ग्रंथालयांतली पुस्तके भिजली, तेव्हापासून जुन्या ग्रंथांची पाने स्कॅन करण्याची निकड सर्वांना पटली आहे. ते करताना पानाच्या चित्रामागे वाचता येणारा युनिकोड मजकूरही ठेवावा. निदान पुस्तकाचे नाव, लेखक, साल आणि प्रकरणांची नावे साध्या मराठीत टाइप करावीत. गावांची जुनी नावे सोबत द्यावीत, ‘दक्षिण सातारा, आताचा सांगली जिल्हा’ असे सरळ लिहावे. साइटचा पत्ता बदलू नये. बदलावाच लागला, तर जुन्या प्रत्येक पत्त्यावरून नव्याकडे कायमची वाट काढून द्यावी. गुगल आणि बिंग दोघांच्याही वेबसाइट-मालकांसाठीच्या मोफत सेवा आहेत, त्या दोन्हींत साइट नोंदवावी. आपले पान त्यांच्या संग्रहात आहे की नाही, हे तिथे स्पष्ट दिसते.

आणि एकमेकांकडे बोट दाखवावे. आपल्याकडे मराठी लेखक दुसऱ्याच्या मजकुराचा आधार घेतो, ‘इंटरनेटवरून साभार’ असे लिहितो, पण दुवा देत नाही. शाळेच्या साइटवर कृष्णा नदीची माहिती असेल, तर तिथे विश्वकोशातल्या कृष्णेच्या नोंदीचा नेमका दुवा द्या. नगर वाचनालयाने स्थानिक इतिहास मंडळाच्या पानाकडे द्यावा, इतिहास मंडळाने वाचनालयाच्या सूचीकडे. सातारा-सांगलीच्या महाविद्यालयांतून मराठी आणि संगणक या दोन्ही विभागांची मुले आज इथे आली आहेत. विश्वकोशाच्या एखाद्या खंडातले बाण आणि ‘पहा’च्या नोंदी घेऊन, त्यांपैकी कोणते बाण पडद्यावर दाबता येतात आणि कोणते नुसतेच छापलेले आहेत, याची यादी त्यांनी करावी आणि ती वाईला विश्वकोश मंडळाकडे पाठवावी. एका सत्रात होण्याजोगे काम आहे. सुरुवात चव्हाणांचे गाव ज्या नोंदीत येते तिथून करा, म्हणजे जिल्ह्याचे नाव दुरुस्त करायचे आहे की नाही हेही त्याच फेरीत कळेल.